जेवणानंतरचं गार पाणी आणि अन्ननलिकेचा कॅन्सर

‘जेवणानंतर गार पाणी प्यायलं की तेल-तूप पोटात गोठतं, आतड्यांना चिकटतं आणि कॅन्सर होतो, म्हणून गरमच प्या,’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. तो साफ खोटा आहे. गार पाणी पोटात गेल्यावर थोड्याच वेळात शरीराइतकं कोमट होतं, आणि तेल-तूप पचवायला पित्तरस आणि स्वादुपिंडाचा पाचकरस समर्थ असतात.

धोका असलाच तर कढत पिण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली, तीही अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळेच. दोष चहाचा नाही, त्याच्या चटक्याचा आहे. बशीत ओता, जरा निवू द्या, मग प्या.

अर्थात तंबाखू आणि दारू हे याहून कितीतरी मोठे शत्रू. अन्ननलिकेच्या कॅन्सरचा त्यांच्याशी जोडलेला प्रकार म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो अस्तराच्या चपट्या पेशींत, बहुधा नळीच्या वरच्या किंवा मधल्या भागात होतो. भारतात हाच जास्त दिसतो. दुसरा, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, खाली जठराजवळ होतो. वर्षानुवर्षं आम्ल वर येणं आणि लठ्ठपणा ही त्याची मुख्य कारणं. जळजळ होणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच तो होतो, म्हणून घाबरू नका.

लक्ष ठेवा ते घासाकडे. सुरुवातीला भाकरी छातीत अडकते, पाणी मात्र सरळ उतरतं, म्हणून माणसं ‘पित्त असेल’ म्हणत ओवा चघळत महिने घालवतात. घास वारंवार अडकत असेल, वजन उतरत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या.