‘थांबवा’ दाबल्यावर नेमकं कोण थांबतं?

गिरगावातल्या एका छोट्या स्टुडिओत जुन्या व्हीएचएस कॅसेटमधली लग्नं, मुंजी डिजिटल करून देतात. तिथल्या काकांना मी एक साधं अॅप करून दिलं होतं. फाइल निवडायची, बटण दाबायचं. मागे एफएफएमपेग ही कमांड व्हिडिओचं रूपांतर करत राहते. तीन तासांच्या कॅसेटला बराच वेळ लागतो, म्हणून शेजारी ‘थांबवा’ बटणही दिलं. आठवड्याभरात काकांचा फोन आला: “अरे, स्क्रीनवर थांबलं म्हणतंय, पण पंखा घरघरतोच आहे!”

पंख्याचं बरोबर होतं. अॅप कमांड थेट चालवत नव्हतं. ते आधी शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, उघडायचं आणि शेल एफएफएमपेगला जन्म द्यायचं. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, एक क्रमांक देते, पीआयडी. अॅपकडे पीआयडी होता फक्त शेलचा. बटण दाबलं की शेल मरायचं आणि एफएफएमपेग पोरकं व्हायचं. युनिक्समध्ये (लिनक्सही त्याच घराण्यातलं) अशा पोरक्या प्रोसेसला सहसा पीआयडी 1, म्हणजे सिस्टिमची सगळ्यात पहिली प्रोसेस, दत्तक घेते, आणि तिचं काम चालूच राहतं.

माझ्याकडे चाचणीत हे दिसलं नव्हतं, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे. एकच साधी कमांड दिली तर बॅश शेल नवी प्रोसेस न काढता स्वतःच्याच जागी ती कमांड बसवतं. पीआयडी तोच राहतो, त्यामुळे नेम बरोबर लागतो. काकांकडे देताना मात्र मी ‘&&’ लावून फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवायची कमांड जोडली होती. ती चालवायला शेलला मागे राहणं भाग पडलं, आणि नेम चुकला.

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल-सी दाबलं की सगळं थांबतं, कारण टर्मिनल थांबण्याचा सिग्नल (प्रोसेसला दिलेला छोटा निरोप) एकट्या प्रोसेसला नाही, तर पुढे चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटाला, पाठवतं. अॅपलाही तेच करता येतं. शेल सुरू करतानाच त्याला वेगळा ग्रुप द्यायचा आणि थांबवताना ग्रुपच्या क्रमांकाआधी उणे चिन्ह लावून सिग्नल पाठवायचा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत यासाठी किलपीजी हे तयार फंक्शन आहे.

आता सिग्नल कोणता? इथे घाई नडते. लिनक्सवर 15 म्हणजे सिगटर्म: ‘आवरा आता’ अशी विनंती. 9 म्हणजे सिगकिल. तो प्रोसेसच्या हाती पडतच नाही; कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिला परस्पर संपवतो. एमपी4 फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची असते आणि ती साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते. 15 मिळाल्यावर एफएफएमपेग ती सूची लिहून मग बाहेर पडतं. 9 मारला तर दीड तासाचं चित्रण डिस्कवर असूनही प्लेअरला उघडता येत नाही. म्हणून मी आधी 15 पाठवतो, दहा सेकंद वाट पाहतो आणि तरीही कोणी उरलं असेल तरच 9. (डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली प्रोसेस कधी कधी 9 लाही लगेच दाद देत नाही. बिघडलेल्या एक्सटर्नल डिस्कवर हे दिसू शकतं.)

आणि बटणाने खरं बोललं पाहिजे, हा माझा आग्रह आहे. सिग्नल पाठवला म्हणजे प्रोसेस थांबली असं होत नाही. आता काकांच्या स्क्रीनवर आधी ‘थांबवत आहे’ असं दिसतं. शेल संपल्याची नोंद अॅप घेतं, मग ग्रुपला 0 क्रमांकाचा सिग्नल देतं. त्याने कुणालाच काही होत नाही. ग्रुपमध्ये कोणी शिल्लक आहे का, एवढंच कळतं. कोणी नाही असं उत्तर आलं की अक्षरं बदलतात: ‘थांबलं’.

परवा काकांनी एक लग्न अर्ध्यात थांबवलं. पंखा मंदावला. फाइल उघडली तर अंतरपाट धरलेला होता आणि मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू येत होती.