पॅलेटवरचा शिक्का म्हणजे विषाची खूण नव्हे

‘लाकडी पॅलेटवर शिक्का असेल तर त्या लाकडात विषारी रसायन मुरवलेलं असतं,’ असा मेसेज पॅलेटबद्दल, म्हणजे माल रचून उचलण्यासाठीच्या फळ्यांच्या चौकटीबद्दल, वर्षानुवर्षं फिरतो आहे. शंका रास्त आहे, पण शिक्का एवढंच सांगतो की लाकडातली कीड परदेशात पोहोचू नये म्हणून आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया झाली आहे. कोणती प्रक्रिया, तेही त्यावरच असतं.

गव्हाच्या ओंबीचं चिन्ह शोधा. शेजारी देशाची दोन रोमन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण दिसेल. ‘एचटी’ म्हणजे निव्वळ उष्णता: गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. ‘डीएच’ म्हणजे मायक्रोवेव्हसारख्या लहरींनी ६० अंश, १ मिनिट. यांत रसायन नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी, ‘एसएफ’ म्हणजे सल्फ्युरिल फ्लोराइडची. असं लाकूड घरकामाला घेऊ नये, जाळूही नये.

प्लायवूडला हा नियमच लागू नाही, त्यामुळे त्यावर शिक्का नसला तरी बिघडत नाही.

मात्र ‘एचटी’ पाहूनही थांबू नका. पॅलेटवर नंतर काय सांडलं, ते शिक्का सांगू शकत नाही. तेलकट डाग किंवा उग्र वास असेल तर ते बाजूला ठेवा. तापवलेलं लाकूड वाळलेलं असतंच असंही नाही. ओलं राहिलं तर त्यावर बुरशी येते.