ऊर्जासंक्रमण, खानदेशातील

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत कोळसा आणि खनिज तेल यांच्याऐवजी वारा, ऊन व पिकांपासून मिळणारे इंधन वापरून कार्बन उत्सर्जन घटवण्याची प्रक्रिया. ती एकसारखी चाललेली नाही. साक्री तालुक्यात पवनचक्क्या फिरतात, त्याच वेळी भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात कोळसा जळत असतो. तेथील काही जुने छोटे वीजनिर्मिती संच बंद झाले. ५०० मेगावॅटच्या दोन संचांच्या जोडीला ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल, म्हणजे अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणारा संच आला. त्याला तेवढ्याच विजेसाठी कोळसा कमी लागतो, पण नवा संच काही दशके चालवायचाच असतो, म्हणजे कोळसा जळतच राहतो.

साक्रीच्या पठारावरील ब्राह्मणवेल परिसरातला पवनऊर्जा प्रकल्प देशातील मोठ्या प्रकल्पांत गणला जातो. धुळे जिल्ह्यातील काही पवन प्रकल्पांची क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली कार्बन क्रेडिटसाठीही (टाळलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे) नोंद झाली. अडचण हंगामाची आहे. वारा जोर धरतो पावसाळ्यात, तेव्हा विहिरीवरच्या मोटारी बहुधा बंद असतात. रब्बीत मोटारी सुरू होतात, तर वारा पडलेला असतो.

म्हणून शेतीसाठी सौर वीज अधिक सोयीची. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की सुमारे ३० युनिट वीज जाते, आणि कोळशाच्या विजेत एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रावेर-यावलच्या केळीला उन्हाळाभर पाणी लागते, तेव्हा हा हिशेब मोठा होतो. शेतकऱ्याला मात्र कार्बनपेक्षा रात्रपाळीची लाइट टळण्याचे अप्रूप जास्त. साप-बिबट्याच्या धास्तीत अंधारात पिकाला बारे (पाणी) द्यायला जाणे कोणाला हवे असते? केंद्राची कुसुम योजना (२०१९) व राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७) या शेतीसाठीच्या सौर योजनांचा भर दिवसाच्या विजेवरच आहे.

तेल उद्योगातला बदल येथे पेट्रोलपंपावर दिसतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ऊस, मका यांपासूनचे मद्यार्क इंधन) मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ वर आणले गेले. ऊस कमी पडू लागला तसे तेल कंपन्यांनी मक्यापासूनच्या इथेनॉलला चांगला दर दिला, आणि खानदेशातल्या मक्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. मात्र मक्याला लागणारे पाणी व युरिया धरल्यास कार्बनची बचत वाटते तेवढी राहत नाही. शिवाय ही मिसळ पेट्रोलपुरतीच आहे. ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक डिझेलवरच चालतात. उधना-जळगाव रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण झाल्याने तिथले डिझेल इंजिनांवरचे अवलंबन तेवढे कमी झाले.