बालआनुवंशिकीतज्ज्ञ

जन्मजात व्यंगे, खुंटलेली वाढ, रखडलेला विकास आणि चयापचयाचे आनुवंशिक विकार असलेल्या मुलांचे निदान व उपचार करणारा, त्यांच्या कुटुंबाला सल्ला देणारा डॉक्टर. यांतील एकेक आजार विरळा असला, तरी असे आजार हजारो आहेत. त्यामुळे एकूण रुग्णसंख्या मोठीच भरते.

प्रशिक्षण : वैद्यकीय पदवीनंतर बहुतेक ठिकाणी आधी बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे आनुवंशिकीचे, असा हा लांबचा रस्ता आहे. गुणसूत्रांची तपासणी, जनुकक्रमाचे वाचन, चयापचय विकारांतील तातडीचे उपचार आणि समुपदेशन हे सारे त्यात येते. बालरोगशास्त्राचा पाया मात्र टाळता येत नाही. निरोगी मूल कोणत्या महिन्यात मान धरते, कधी बसते, कधी बोलू लागते हे ज्याच्या अंगवळणी पडलेले नाही, त्याला विकासातली बारीक चूक दिसणार नाही.

तपासणीची पद्धत : काम सुरू होते ते वंशावळीपासून. किमान तीन पिढ्या कागदावर मांडल्या जातात. गर्भपात, लहानपणी दगावलेली भावंडे, आईवडिलांचे आपसांतले रक्ताचे नाते हे सगळे विचारले जाते. घरात फारशी न बोलली जाणारी माहिती इथे निर्णायक ठरते, म्हणून ती विचारण्याची रीत शिकावी लागते. मग डोक्याचा घेर, डोळ्यांमधले अंतर, कानांची ठेवण, तळहातावरच्या रेषा, त्वचेवरचे डाग टिपले जातात. बाह्य लक्षणांच्या या अभ्यासाला ‘डिस्मॉर्फॉलॉजी’ हे नाव अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डेव्हिड स्मिथ यांनी १९६०च्या दशकात दिले.

न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ या त्वचेवर डाग आणि मज्जातंतूंवर गाठी आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घेऊ. मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग दिसले, की डॉक्टर आईवडिलांचीही त्वचा आणि डोळे तपासतात. दोघांपैकी एकाला हा आजार असेल, तर पुढच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघेही निर्दोष असतील, तर मुलातला बदल बहुधा नव्याने घडलेला असतो आणि पुढच्या बाळाचा धोका बराच कमी होतो. सुमारे निम्म्या रुग्णांत असेच असते. ‘पुढच्या बाळालाही होईल का?’ या आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे तपासणीच्या खोलीतच मिळते.

निदानाची साधने : ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये अल्कॅप्टोन्युरिया या लघवी काळी पडणाऱ्या चयापचय विकाराची सांगड मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांशी घातली. १९५६ मध्ये मानवी गुणसूत्रे ४६ असल्याचे ठरले आणि १९५९ मध्ये डाउन सिंड्रोममधील २१व्या गुणसूत्राची जादा प्रत जाहीर झाली. आता मूल आणि आईवडील अशा तिघांचे एक्सोम एकत्र वाचता येते. एक्सोम म्हणजे प्रथिने घडवण्याच्या सूचना असलेला भाग; तो संपूर्ण जनुकसंचाच्या एक-दोन टक्केच आहे, पण आजार घडवणारे बहुतेक ज्ञात बदल त्यातच सापडतात.

तरीही अहवाल स्वतःहून निदान करत नाही. २०१५ पासून रूढ झालेल्या वर्गीकरणात जनुकातले बदल रोगकारकापासून निरुपद्रवीपर्यंत पाच गटांत मांडतात. मधला गट ‘महत्त्व अनिश्चित’ असा आहे. या गटातला बदल मुलाच्या लक्षणांशी जुळतो का, हे मुलाला पाहिलेला डॉक्टरच ठरवू शकतो. अशा अहवालावरून घाईने गर्भाविषयी निर्णय घेणे धोक्याचे आहे आणि हे कुटुंबाला निःसंदिग्ध शब्दांत सांगणे ही डॉक्टरचीच जबाबदारी आहे.

संशोधन : या क्षेत्रात रुग्णालय आणि प्रयोगशाळा फारशा दूर नसतात. बालमेंदूविकारतज्ज्ञ हुदा झोघबी यांनी १९८३ मध्ये ह्यूस्टनमध्ये रेट सिंड्रोमची मुलगी पाहिली. नीट चालणारी-बोलणारी मुले कमावलेली कौशल्ये गमावून हात सतत चोळत बसतात, हे कोडे सोडवण्यासाठी त्या आनुवंशिकीकडे वळल्या. १९९९ मध्ये त्यांच्या गटाला एमईसीपी२ या जनुकातला दोष सापडला. मधली १६ वर्षे या कामाचा खरा वेग सांगतात.

उपचारांचे चित्रही बदलत आहे. फिनाइलकिटोन्युरिया या प्रथिनांतला एक घटक न पचवता येणाऱ्या विकारात आहार बदलून मेंदूची हानी टळते, हे १९५०च्या दशकात दिसले. पुढे रॉबर्ट गथ्री यांच्या रक्तथेंब-चाचणीमुळे नवजातांची सरसकट तपासणी शक्य झाली. स्नायू दुबळे करत जाणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारावर २०१६ मध्ये पहिले औषध आणि २०१९ मध्ये जनुकोपचार अमेरिकेत मंजूर झाला. ही औषधे लक्षणे दिसण्याआधी दिली तर सर्वाधिक गुण येतो, म्हणून नवजात तपासणीच्या यादीत कोणता आजार घालावा याचा आग्रह धरणे हाही आता या तज्ज्ञांच्या कामाचा भाग आहे.

ज्यांचे निदान होत नाही त्यांची फाईल बंद करायची नसते. एक-दोन वर्षांनी तीच जुनी माहिती पुन्हा तपासली, तर मधल्या काळात ओळखल्या गेलेल्या जनुकांमुळे काही मुलांचे निदान नव्याने लागते.