चारीचं पाणी आता संस्थेच्या नावावर: ठिबक घेण्याआधी एवढं वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

ठिबकचं कोटेशन घ्यायला येणारी मंडळी हल्ली नळीच्या भावाआधी पाण्याचंच विचारतात. "चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे येणाऱ्या लहान पाटाच्या, पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म दिला, तर पाणी वापर संस्थेकडे जा म्हणाले," ही तक्रार तर दर रब्बीला ठरलेली. फॉर्म परत का येतो आणि पाणी मागायचं तर कुणाकडे, हे एकदा लिहून द्यावं म्हणून हे पत्रक.

कायद्याने काय बदललं

1976 च्या पाटबंधारे कायद्यात शेतकरी आणि पाटबंधारे खातं असा थेट व्यवहार होता. ज्याने त्याने नमुना नंबर 7 भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचं, पास आला की पाटकऱ्याची वाट बघायची. पाणीपट्टी पिकावर आणि हेक्टरवर. पाणी किती आलं हे कुणी मोजत नव्हतं.

2005 साली शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा आला आणि हा व्यवहार मोडला. ज्या चारीवर पाणी वापर संस्था होऊन कारभार तिच्या ताब्यात गेला, तिथे खातं एकेकट्याला पाणी देत नाही. चारीच्या तोंडाशी मोजून संस्थेला ठोक देतं. तिथून खाली वाटप, वसुली, भांडणतंटा, चारीतलं गवत, सगळं संस्थेचं. ठोक पाण्याचा दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. आपल्या सभासदांकडून किती घ्यायचं ते संस्था ठरवते. जिथे संस्था अजून झालेली नाही, तिथे सात नंबर चालूच आहे.

सभासद व्हायला विकास सोसायटीसारखा शेअर घ्यावा लागत नाही. लाभक्षेत्रात, म्हणजे चारीच्या पाण्याखालच्या भागात, जमीन आहे म्हणजे तुम्ही सभासद, आणि "मला संस्था नको" म्हणून बाहेरही राहता येत नाही. स्वतःच्या नावावर जमीन असलेली बाईसुद्धा सभासदच. सभेला फक्त मालकांनी जायचं, असं कायद्यात कुठेही नाही.

आम्हाला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती संचालक मंडळाची रचना. हेड (चारीच्या तोंडाकडचा भाग), मध्य आणि टेल (चारीच्या शेवटाकडचा भाग) अशा तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व, आणि अध्यक्षपदही या तिघांत फिरतं. वरच्याने दार उघडं ठेवायचं आणि खालच्याने रात्रभर बॅटरी घेऊन चारीने फिरायचं, या जुन्या दुखण्यावर याहून नेमकं औषध सुचणं अवघड. लघु वितरिकेच्या, म्हणजे आपल्या चारीच्या, वर वितरिका, कालवा आणि प्रकल्प अशा आणखी तीन पातळ्या कायद्यात आहेत. आपला रोजचा संबंध खालच्या पातळीशी.

हे होऊ शकतं का, असं विचारणाऱ्यांनी लांब जायला नको. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर कायद्याच्या आधीच हे घडलं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांना धरून सुरुवात केली. पुढे 24 संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था उभी राहिली.

मोजमाप: इथे लक्ष द्या

संस्थेला पाणी घनमीटरात मिळतं. आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या एका फेरीचा, कोटा ठरलेला असतो. त्यात द्राक्षं घ्या, गहू घ्या की कांदा, पीक तुमच्या मर्जीचं. म्हणून हिशेब यायला हवा.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. तो प्रवाह 24 तास चालला की 2,447 घनमीटर पाणी गेलं. एका पाळीला जमिनीवर 8 सेंटीमीटर पाणी धरलं, तर हेक्टरी 800 घनमीटर लागतात. म्हणजे एका क्युसेकवर दिवसाला जेमतेम तीन हेक्टर भिजतं, तेही वाटेतली गळती सोडून. समजा, संस्थेचा या आवर्तनाचा कोटा 1 लाख घनमीटर आहे आणि चारीला तीन क्युसेक चालू आहे. साडेतेरा दिवसांत कोटा संपला. पहिले चार दिवस हेडवाल्यांनी मोकाट भिजवलं, तर टेलची कमतरता कुठून भरून काढणार? संस्थेचा कोटा तेवढाच असतो.

चारीच्या तोंडाशी मापक बांधलेला असतो आणि त्याच्या भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी. ती पट्टी संस्थेच्या माणसाने रोज वाचून, वेळ घालून वहीत लिहावी. खात्याचा माणूस लिहितोच, पण बिलावर वाद झाला तर आपली वही लागते. पट्टी पुसली असेल, मापकात गाळ बसला असेल किंवा खालून दगड लावून पाणी तुंबवलेलं असेल, तर आकडा खोटा येतो. ताबा घेण्याआधी खातं आणि संस्था मिळून पाहणी करतात, तेव्हाच हे दाखवून द्या. नंतर दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावरच महिने जातात. संस्था कागदावर उत्तम आणि मापक बंद, अशी उदाहरणं कमी नाहीत.

ठिबकचं काय?

आवर्तन आठवड्यांच्या अंतराने येतं, ठिबकला पाणी रोज किंवा दिवसाआड लागतं. तेव्हा मधल्या दिवसांसाठी विहीर किंवा शेततळं हवंच. नुसत्या चारीच्या भरवशावर आम्ही ठिबक संच विकत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. चारीचं पाणी शेततळ्यात घ्यायचं असेल तर आधी संस्थेला विचारा, कारण ते तुमच्या वाट्यातच मोजलं जाणार. शिवाय कालव्याचं पाणी गढूळ असतं. वाळूची गाळणी नसेल तर ड्रिपर पहिल्याच हंगामात चोंदतात.

संच ठरवायला येताना सातबारा आणि नकाशा आणा. संस्थेकडून तीन गोष्टी लिहून आणा: रब्बी आणि उन्हाळ्यात किती आवर्तनं ठरलीत, तुमच्या क्षेत्राला पाळीला किती तास मिळतात, आणि तुमचा गट हेडला, मध्यात की टेलला धरलाय. विहीर असेल तर मे महिन्यात पाणी किती फुटांवर असतं तेही. एवढं हातात असलं की शेततळं किती मोठं हवं, हे तुमच्यासमोरच काढून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.