सान्रिकू रेल्वे: त्सुनामीच्या किनाऱ्यावरचे १६३ किलोमीटर

जपानच्या ईशान्येला इवाते प्रांताचा सान्रिकू किनारा आहे. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधे चिंचोळ्या खाड्या आणि खाडीच्या तोंडाशी मासेमारीची गावं. इथल्या जीवनात त्सुनामी अधूनमधून येतच राहिली. १८९६च्या जूनमध्ये आलेल्या लाटेने सुमारे २२ हजार माणसं नेली, १९३३च्या लाटेने आणखी सुमारे तीन हजार. दर वेळी एकच अडचण समोर आली: वाटाच नाहीत, मग मदत पोहोचणार कशी? किनाऱ्याने रेल्वे हवी, ही इथली मागणी या दुःखातून आली आहे.

रूळ मात्र तुकड्यातुकड्यांनी पडले. मियाको ते कामाइशी हा मधला भाग १९३९पर्यंत यामादा मार्गाचा भाग म्हणून पूर्ण झाला. उत्तरेचे आणि दक्षिणेचे काही तुकडे राष्ट्रीय रेल्वेने १९७०च्या दशकात सुरू केले. पण ही राष्ट्रीय रेल्वे तेव्हा कर्जात बुडाली होती. १९८०च्या कायद्याने कमी वाहतुकीच्या मार्गांवर गंडांतर आलं आणि सान्रिकूचं अर्धवट काम अधांतरी राहिलं.

तेव्हा प्रांत सरकार, किनाऱ्यावरच्या नगरपालिका आणि स्थानिक उद्योगांनी १९८१मध्ये स्वतःची कंपनी काढली. उरलेलं काम पूर्ण होऊन १ एप्रिल १९८४ रोजी गाड्या धावल्या: उत्तरेला मियाको ते कुजी ७१ किलोमीटर, दक्षिणेला साकारी ते कामाइशी ३६.६ किलोमीटर. राष्ट्रीय रेल्वेने सोडलेले मार्ग असे सरकारी-खाजगी भागीदारीत चालवणारी ही देशातली पहिली कंपनी. लोक तिला लाडाने 'सान्तेत्सु' म्हणतात. पहिली दहा वर्षं ती नफ्यात होती. पुढे मोटारी वाढल्या, शाळेत जाणारी मुलं घटली आणि तोटा सुरू झाला.

११ मार्च २०११चा भूकंप आणि त्सुनामी हा या इतिहासातला सर्वांत कठीण प्रसंग. शिमानोकोशी स्टेशन पुलासकट वाहून गेलं. दक्षिणेकडे एक गाडी बोगद्यात थांबली आणि त्यामुळेच वाचली. नव्या मार्गाचा बराच भाग बोगद्यांतून आणि उंचावरून गेलेला असल्याने पुष्कळ रूळ शाबूत राहिले. समुद्राला अधिक लगटून गेलेल्या जुन्या यामादा मार्गाची दशा मात्र फार वाईट झाली.

कंपनीचे अध्यक्ष मासाहिको मोचिझुकी यांनी मियाको स्टेशनात उभ्या असलेल्या डिझेल गाडीच्या डब्यात कार्यालय थाटलं. जिथे जमेल तिथे गाडी सोडायची, असं त्यांनी ठरवलं आणि पाचव्या दिवशी, १६ मार्चला, कुजी ते रिकुचू-नोदा गाडी धावली. महिनाअखेरपर्यंत तिकीट नव्हतं. ज्या गावांत वीज नव्हती, पेट्रोल नव्हतं, तिथे ती गाडी दिसणं हाच केवढा आधार होता! माझ्या मते सान्तेत्सुचं सगळं मोल या एका निर्णयात दिसतं. एवढ्या लवकर हा धोका पत्करला गेला, कारण कंपनी त्या गावांचीच होती.

कुवेतने जपानला दिलेल्या मदतीतून नवे डबे आले. त्यांवर जपानी, इंग्रजी आणि अरबीत आभार लिहिलेले आहेत. एप्रिल २०१४मध्ये दोन्ही मार्ग पूर्ण सुरू झाले. शिमानोकोशीला पुलाऐवजी भराव घातला, म्हणजे तो लाटेलाही अडवेल.

यामादा मार्गाचं भांडण वेगळं. तो मार्ग राष्ट्रीय रेल्वेच्या खाजगीकरणातून निघालेल्या जेआर पूर्व कंपनीकडे होता आणि तिने रुळांच्या जागी बस चालवायचा प्रस्ताव मांडला होता. शेजारच्या ओफुनातो मार्गावर तसंच झालं. इथल्या गावांनी मात्र रूळच हवेत असा आग्रह धरला. अखेर जेआरने मार्ग दुरुस्त करून, सोबत तीन अब्ज येन देऊन तो सान्तेत्सुकडे सोपवला. २३ मार्च २०१९ रोजी तिन्ही भाग जोडून साकारी ते कुजी असा १६३ किलोमीटरचा सलग 'रियास मार्ग' (रियास म्हणजे खाड्यांनी चिरलेला किनारा) झाला. अशा भागीदारीतल्या कंपन्यांच्या मार्गांत इतका लांब दुसरा नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळाने रुळांखालची माती वाहून नेली. दुरुस्ती होऊन पूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला तो २० मार्च २०२०ला, नेमका कोरोनाने पर्यटक थांबवले तेव्हा. आजही सान्तेत्सुचा तोटा प्रांत सरकार आणि किनाऱ्यावरच्या नगरपालिका मिळून उचलतात.