दारू सुटली, संगतीचं काय?

जिथे हजेरीपट नाही, आडनाव कुणी विचारत नाही आणि उद्या तुम्ही आला नाहीत तर जाब मागणारं कुणी नाही, अशा ठिकाणाचा शास्त्रीय अभ्यास करायचा कसा? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एएच्या मीटिंगांबाबत संशोधक बराच काळ याच पेचात होते. खुर्च्या मांडायच्या, एकेकाने ‘मी एक अल्कोहोलिक’ म्हणत आपली कहाणी सांगायची, बाकीच्यांनी मधे न बोलता ती ऐकायची आणि तासा-दीड तासाने उठायचं. औषध नाही, डॉक्टर नाही, फी नाही. एवढ्याने दारू कशी सुटेल, ही शंका रास्तच होती.

मोजायला गेलं तर आणखी एक गोम होती. नियमित मीटिंगला जाणारे जास्त काळ दारूपासून लांब राहतात, हे दाखवणं सोपं आहे. पण ज्यांचा निश्चय मुळात पक्का, तेच मीटिंगमध्ये टिकत असतील तर? मग श्रेय मीटिंगचं की निश्चयाचं? यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे. एका गटाला समुपदेशकांनी मुद्दाम मीटिंगकडे वळवायचं, दुसऱ्याला वेगळे उपचार द्यायचे. कीथ हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अशा प्रयोगांची आकडेवारी पुन्हा चाळली. केवळ चिठ्ठीमुळे जेवढी हजेरी वाढली, तेवढाच भाग त्यांनी हिशेबात धरला. उत्साहाचा वाटा असा गाळल्यावरही हजेरीबरोबर दारूविना गेलेले दिवस वाढलेले दिसले. जे आधीपासूनच मीटिंगमध्ये मुरलेले होते, त्यांच्यात मात्र फारसा फरक पडला नाही.

पुढे 2020 मध्ये, उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा आला. त्यात 27 अभ्यास आणि 10,565 लोक होते. मीटिंगची गोडी लावणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने 42 टक्के लोक सलग दारूमुक्त होते. वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांनंतर 35 टक्के. फरक सातच टक्क्यांचा म्हणून नाक मुरडू नये. ही तुलना शून्याशी नाही, दुसऱ्या पक्क्या उपचारांशी आहे. आणि समुपदेशकाचं काम कधीतरी संपतं, मीटिंग मात्र दर आठवड्याला चालूच राहते.

आता खरा प्रश्न. तिथे नेमकं घडतं काय?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण बहुधा कुणी बिघडलं की काढतो. ती उलट्या दिशेनेही तितकीच खरी असते, हे विसरतो. जॉन केली यांच्या गटाने मीटिंगचा परिणाम कुठल्या वाटांनी होतो ते शोधलं, तेव्हा ठळकपणे पुढे आली ती संगत. पिणारे दोस्त कमी होणं, न पिणारे वाढणं आणि चारचौघांत ‘नको’ म्हणता येईल हा भरवसा येणं. मार्क लिट यांच्या 210 जणांच्या अभ्यासातला आकडा तर मला सगळ्यात बोलका वाटतो. ओळखीपाळखीच्या वर्तुळात न पिणारा एकच माणूस वाढला, तरी पुढचं वर्ष दारूविना जाण्याची शक्यता 27 टक्क्यांनी वाढली. एकच माणूस!

याचं मूळ मेंदूत आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या मेंदूत ठरावीक वेळ, ठरावीक गल्ली, ठरावीक मित्राचा फोन यांची दारूशी गाठ बसलेली असते. नुसता फोन वाजला तरी डोपामिनची, म्हणजे मेंदूत ओढ जागवणाऱ्या रसायनाची, यंत्रणा जागी होते. ही गाठ उपचारांनी पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय चढवावी लागते. आणि ही नवी सवय जिथे लागली तिथेच नीट चालते, दुसरीकडे गेलं की जुनी डोकं वर काढते. म्हणून माझ्या मते मीटिंग घराजवळ असण्याला मोल आहे. जुन्या रस्त्यांवर, जुन्याच वेळेला वेगळी माणसं भेटतात.

प्रोजेक्ट मॅच या 1,726 जणांच्या मोठ्या अमेरिकी प्रयोगाने संगतीच्या या मुद्द्याला दुजोरा दिला. ज्यांचं मित्रमंडळ पिण्याला उत्तेजन देणारं होतं, त्यांना प्रेरणा देण्यावर भर असलेल्या थोडक्यातल्या उपचारापेक्षा मीटिंगकडे नेणारा उपचार तीन वर्षांनी जास्त लाभलेला दिसला.

वेळ मात्र द्यावा लागतो. रुडॉल्फ आणि बर्निस मूस यांनी 461 जणांचा 16 वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षात 27 किंवा त्याहून जास्त आठवडे एएमध्ये गेलेल्यांची स्थिती 16 वर्षांनीही अधिक चांगली होती.

सगळ्यांनाच हे पुरतं असं नाही. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 227 कामगारांच्या अभ्यासात ज्यांना फक्त एएला जायला लावलं, त्यांतल्या 63 टक्क्यांना पुढे रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुरुवातीलाच दाखल केलेल्यांमध्ये पुन्हा दाखल होण्याचं हे प्रमाण 23 टक्के होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आणि मीटिंग यांचं वैर नाही. एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांमधला देव ज्यांना रुचत नाही, त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे गटही आहेत.

मीटिंगमध्ये मदत घेणारा आणि देणारा असे दोन कप्पे नसतात. प्रोजेक्ट मॅचमध्येच असं दिसलं की दुसऱ्या व्यसनी माणसाला हात देणारे पुढच्या वर्षात कमी घसरले. एएची सुरुवातही अशीच झाली. 1935 च्या मे महिन्यात शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन अ‍ॅक्रन या अमेरिकी शहरातल्या हॉटेलात एकटा होता. धंद्याचं काम फसलेलं आणि समोर बार. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली, पण सल्ला मागायला नव्हे. ज्याच्याशी बोलता येईल असा एखादा दारुडा त्याला हवा होता. सापडले ते बॉब स्मिथ नावाचे शल्यविशारद. त्यांनी शेवटचा पेला घेतला 10 जून 1935 ला. एए आपला वाढदिवस मोजते तो याच तारखेपासून. बिलने स्वतः डिसेंबर 1934 मध्येच दारू सोडली होती, पण ती तारीख धरलेली नाही.